गेलिक बेटांवरील किनारी मासेमारी

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यापलीकडे अटलांटिक महासागरात पसरलेल्या बाह्य हेब्रिडीझ बेटांवरील गेलिक भाषिक लोकांची, नाव न वापरता व घरी विणलेल्या जाळ्यांच्या साहाय्याने किनाऱ्यावरून मासे धरण्याची पारंपरिक पद्धती. खडकावर उभे राहून दांड्याच्या जाळ्याने लहान मासे उपसणे आणि ओहोटीच्या वेळी दगडी बांधात अडकलेले मासे काढणे, हे तिचे दोन मुख्य प्रकार होत. या मासेमारीतून विक्रीयोग्य माल फारसा निर्माण होत नसे व जमीनदारास खंडही मिळत नसे. त्यामुळे हेरिंग माशांच्या मोठ्या व्यापाराइतकी तिची नोंद शासकीय कागदपत्रांत झाली नाही. तथापि जमीन अपुरी पडली व पिके बुडाली, अशा काळात बेटांवरील गरीब कुटुंबांना ज्या साधनांनी तगवले, त्यांत हिचे स्थान वरचे आहे.

प्रदेश व लोक : लूइस, हॅरिस, नॉर्थ यूइस्ट, बेनबेक्युला, साउथ यूइस्ट व बारा ही या द्वीपमालिकेतील प्रमुख बेटे असून तिची उत्तर-दक्षिण लांबी सु. २१० किमी. आहे. मिंच या सामुद्रधुनीने ती मुख्य भूमीपासून अलग झाली आहे. बेटांच्या पश्चिम बाजूस वाळूच्या विस्तीर्ण पुळणी, तर पूर्व बाजूस खडकाळ व दंतुर किनारा आढळतो. वारा सतत जोराचा असल्याने झाडे विरळ असून जमीन बहुतांशी पीटयुक्त व नापीक आहे. लूइसवरील स्टॉर्नोवे बंदरात उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील पातळीचा फरक सरासरी सु. ४ मी. असतो. त्यामुळे दिवसातून दोनदा किनाऱ्याचा मोठा पट्टा उघडा पडतो. या पट्ट्यातील शिंपले, समुद्रशैवले व मासे हे बेटकऱ्यांचे जणू दुसरे शेतच होते. येथील लोक केल्टिक भाषाकुलातील स्कॉटिश गेलिक भाषा बोलत आले आहेत. नवव्या ते तेराव्या शतकांत ही बेटे नॉर्स लोकांच्या सत्तेखाली होती. त्यामुळे समुद्र, नावा व किनारा यांसंबंधीच्या येथील शब्दांत व स्थलनामांत नॉर्स अंश बराच आढळतो. (प्रस्तुत लेखातील गेलिक शब्दांचे उच्चार स्थूलमानाने दिले आहेत.)

मुख्य मासा : या मासेमारीचा मुख्य आधार म्हणजे सेथ हा कॉड कुलातील मासा (शास्त्रीय नाव पॉलॅकियस व्हायरेन्स). त्याची पूर्ण वाढ झाल्यावर लांबी एक मीटरहून अधिक होऊ शकते. हिवाळ्याच्या अखेरीस व वसंताच्या प्रारंभी त्याची मादी खोल समुद्रात अंडी घालते. पिले उन्हाळ्यात किनाऱ्याकडे येतात आणि पहिली दोन-तीन वर्षे खडकांलगतच्या केल्प या मोठ्या समुद्रशैवलाच्या दाटीत थव्यांनी राहतात. भक्ष्य व आसरा मिळवण्याचा त्यांचा हा क्रमच किनारी मासेमारीचा पाया होय. मोठा मासा नावेवाल्याच्या वाट्याला येतो, पण त्याची पिले आपण होऊन खडकाच्या पायथ्याशी येत असल्याने ती नाव नसलेल्या माणसालाही धरता येतात.

वाढीच्या अवस्थांनुसार या एकाच माशाला गेलिकमध्ये वेगवेगळी नावे आहेत. वर्षाच्या आतील पिलास ‘कुडिग’, त्याहून मोठ्या माशास ‘पिख्काख’, तर पूर्ण वाढलेल्यास ‘उख्कसा’ म्हणतात. बेटाबेटांनुसार या नावांत व त्यांच्या वयोमर्यादांत फरक पडतो. नावांचा हा तपशील केवळ भाषिक हौसेचा नाही. कोणत्या आकाराचा मासा कोणत्या महिन्यात, कोणत्या खडकाशी व कोणत्या साधनाने मिळेल, हे त्या नावातच सामावलेले असे.

इंग्रज साहित्यिक सॅम्युएल जॉन्सन याने १७७३ मध्ये या भागाचा प्रवास केला. १७७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने जवळच्याच स्काय बेटाच्या संदर्भात या लहान माशाचा उल्लेख केला आहे. सामान्य लोकांना त्यापासून अन्न व दिव्याचे तेल अशा दोन्ही गोष्टी मिळतात आणि काही ऋतूंत तो इतका विपुल असतो, की पाण्यात टोपली बुडवून मागे ओढली तरी तो हाती येतो, असे त्याने नमूद केले आहे.

दांड्याचे जाळे : खडकावरून मासे धरण्याच्या जाळ्यास ‘ताव’ म्हणतात. लांब व मजबूत दांड्याच्या टोकाला लाकडाचे किंवा लोखंडाचे मोठे कडे आणि त्या कड्यास विणलेली खोल पिशवी, अशी त्याची रचना असते. कोकणात आंबे उतरवण्यासाठी वापरतात तो झेला पुष्कळ मोठा केल्यास या साधनाची कल्पना येईल. मात्र झेला वर नेऊन फळ तोडतात, तर ताव पाण्यात खाली सोडून मासा वर उचलतात.

या कामासाठी पाणी खडकाला लागूनच खोल असावे लागते. अशा मासेमारीच्या खडकास काही बेटांवर ‘कारिक’ ही खास संज्ञा असून खडकावरील एकूण मासेमारीस ‘क्रेगाख’ म्हणतात. तीत गळ व काठी यांनी केलेली मासेमारीही येते. प्रत्येक वाडीचे असे ठराविक खडक असत व त्यांना नावे असत. कोणता खडक कोणत्या वाऱ्यात सुरक्षित, भरतीच्या कोणत्या टप्प्यावर तेथे मासा येतो आणि लाट कोठून अंगावर येते, हे ज्ञान वडीलधाऱ्यांकडून मुलांकडे तोंडी जात असे. ओला व शेवाळलेला खडक आणि अटलांटिकवरून अवचित येणारी उसळी यांमुळे या ज्ञानावर जीवही अवलंबून असे.

माशांना जवळ आणण्यासाठी पाण्यात टाकावयाच्या आमिषास ‘सोल’ म्हणतात. ते प्रामुख्याने लिंपेट या खडकाला घट्ट चिकटून राहणाऱ्या, टोपीच्या आकाराचे कवच असलेल्या मृदुकाय प्राण्यापासून करीत. ओहोटीच्या वेळी स्त्रिया व मुले लिंपेट गोळा करीत. ते अर्धवट शिजवून ठेचीत किंवा दातांनी चावून मऊ करीत. काही खडकांवर आमिष ठेचण्यासाठी केलेले वाटीसारखे खळगे आजही दिसतात. मासा पकडण्याचे काम बहुधा सायंकाळच्या संधिप्रकाशात किंवा रात्री, विशेषतः शरद ऋतूत व हिवाळ्याच्या प्रारंभी चाले. जाळे खडकालगत खाली सोडून त्यावरच्या पाण्यात सोल थोडाथोडा टाकीत. थवा आमिषावर जमला, की दांडा सावकाश पण न थांबता वर उचलावयाचा. घाई केली तर पाणी हलून थवा फुटे आणि उशीर केला तर आमिष संपून मासे पांगत. भरलेले जाळे उचलण्यास ताकद लागे. तथापि आमिष टाकणे, मासे वेचणे व घरी वाहून नेणे यांत वृद्ध, स्त्रिया व मुले या सर्वांचा हातभार असे.

दगडी बांध : दुसऱ्या प्रकारात मासा धरण्याचे काम मुख्यतः ओहोटीच करते. उथळ खाडीच्या मुखाशी किंवा पुळणीवर दगडांचा बुटका व बहुधा कमानदार बांध घालीत. त्यास ‘कारी’ असे नाव आहे. भरतीचे पाणी बांधावरून आत येते व त्याबरोबर मासेही येतात. ओहोटी लागली, की पाणी दगडांच्या फटींतून किंवा बांधात मुद्दाम ठेवलेल्या वाटेने निघून जाते व मासे आत अडकतात. वाटेवर जाळे किंवा विणलेली टोपली लावीत आणि आतील डबक्यात राहिलेले मासे ताव किंवा हातजाळे यांनी काढीत. बांध चुन्याविना रचलेला असल्याने वादळानंतर त्याची डागडुजी करावी लागे, व ते काम एकट्या माणसाचे नसे. अशा बांधांचे अवशेष बाह्य हेब्रिडीझच्या अनेक खाड्यांत आढळले असून पुरातत्त्वीय पाहणीत त्यांची नोंद झाली आहे. ते नेमके किती जुने हे ठरवणे बहुधा कठीण जाते, कारण एकच बांध पिढ्यान् पिढ्या पुन्हा रचला जातो.

यांखेरीज सपाट पुळणीवर जाळ्याचे एक टोक किनाऱ्यावर धरून व दुसरे पाण्यातून वळवून आणून ओढण्याचीही रीत होती. कोकणातील रापणीशी तिचे तत्त्व जुळते. पण रापणीत नाव व मोठा जमाव लागतो, तर बेटांवरील हे जाळे बरेच लहान असे. उधाणाच्या मोठ्या ओहोटीस चांदण्यात वाळू उकरून वाळूतील बारीक मासे काढण्याचे कामही सर्व वाडी मिळून करी. त्यासाठी बोथट विळा वापरीत.

जाळ्यांची निर्मिती : जाळे विणण्याचे काम प्रामुख्याने हिवाळ्याच्या लांब रात्री, घराच्या मध्यभागी पेटवलेल्या पीटच्या शेकोटीभोवती चाले. धाग्यासाठी अंबाडीसारख्या तंतूंचा हेंप वापरीत. दोरांसाठी घोड्याचे केस, तसेच माळरानावरील हेदर या झुडपाच्या वळलेल्या काड्याही उपयोगी पडत. विणण्यास दोनच हत्यारे लागतात : धागा गुंडाळलेली लाकडी किंवा हाडाची चपटी सुई आणि आस म्हणजे जाळ्याची छिद्रे सारख्या मापाची ठेवणारी पट्टी. प्रत्येक आसाच्या टोकाशी न सरकणारी गाठ मारून पुढचा आस घ्यावयाचा, अशी ही क्रिया आहे. आसाला गेलिकमध्ये ‘मोकल’ म्हणतात. पट्टीची रुंदी ही जाळ्यातील सर्वांत महत्त्वाची बाब होय. आस मोठे झाले तर कुडिग निसटतो व फार बारीक झाले तर जाळे पाण्यात जड होऊन वेळेवर वर येत नाही.

वनस्पतिज धागा खाऱ्या पाण्यात लवकर कुजतो, म्हणून जाळी टॅनिनयुक्त काढ्यात बुडवून टिकाऊ करीत. इतरत्र यासाठी ओक वृक्षाची साल वापरतात, पण वृक्षहीन बेटांवर ती दुर्मीळ होती. म्हणून येथील लोकांनी माळरानावर उगवणाऱ्या टॉर्मेंटिल या पिवळ्या फुलांच्या लहान वनस्पतीच्या मुळ्यांचा उपयोग केला. तिच्या एका गेलिक नावाचा शब्दशः अर्थ ‘जमिनीची साल’ असा आहे. झाडाच्या सालीऐवजी जमिनीतून काढावयाची साल, हा अर्थ त्या नावात स्पष्ट दिसतो. या मुळ्या फार बारीक असल्याने त्या पुरेशा गोळा करण्यास बरेच श्रम पडत. एकोणिसाव्या शतकात भारत व ब्रह्मदेश येथून आयात होणारा कात ब्रिटिश बेटांवरील कोळ्यांत जाळी व शिडे रंगवण्यासाठी प्रचारात आला. विड्यात वापरला जाणारा, खैराच्या लाकडापासून काढलेला हाच पदार्थ होय. जाळ्यांना त्यामुळे तांबूस-तपकिरी रंग येई.

उपयोग व वाटणी : लहान मासे ताजे उकडून किंवा भाजून खात. अधिक मिळाल्यास ते सुकवून ठेवीत. माशांची यकृते साठवून त्यांचे तेल काढीत व ते ‘क्रूश्कन’ या उथळ लोखंडी दिव्यात लव्हाळ्याच्या गराची वात लावून जाळीत. यकृत व ओटचे पीठ एकत्र करून मोठ्या माशाच्या डोक्यात भरून शिजवण्याचा लूइसमधील पदार्थ प्रसिद्ध आहे. धान्य कमी व दूधदुभते हंगामी असलेल्या या प्रदेशात यकृताद्वारे अ व ड ही जीवनसत्त्वे मिळत. हिवाळ्यात सूर्यप्रकाश अत्यल्प असणाऱ्या या अक्षांशांवर ही बाब विशेष महत्त्वाची आहे.

मिळालेल्या मासळीचे वाटे घालण्यासंबंधीचे संकेत या समाजात दृढ होते. गेलिक लोकवाङ्‌मयाचा संग्राहक अलेक्झांडर कार्माइकेल याने १९०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कार्मिना गडेलिका या संग्रहात एक प्रथा नोंदवली आहे. नाताळच्या दिवशी वाडीतील तरुण मासेमारीस जात आणि त्या दिवशीची सर्व मासळी विधवा, अनाथ व गरीब यांची मानून त्यांच्यात गरजेनुसार वाटली जाई. दानापेक्षा हक्काची भावना तीत अधिक आहे. समुद्र कोणा एकाचा नसल्याने त्याचे उत्पन्नही ज्यास स्वतः ते काढता येत नाही त्यास मिळावे, असा तिचा आशय दिसतो.

कायदा व हक्क : स्कॉटलंडच्या कायद्यात सामन व इतर मासे यांत मूलभूत भेद केला आहे. सामन धरण्याचा हक्क, समुद्रातही, मूळचा राजसत्तेचा असून तिने दिलेल्या अनुदानाद्वारे तो खाजगी मालकीचा होऊ शकतो. कॉड, सेथ यांसारखे मासे भरतीच्या पाण्यात धरण्याचा हक्क मात्र सर्व जनतेस आहे. १७७१ च्या हेरिंग मासेमारीविषयक अधिनियमाने कोळ्यांना उच्च भरतीरेषेच्या वर १०० यार्डांपर्यंतची (सु. ९१ मी.) पडीक जमीन मासे खारवणे, जाळी वाळवणे इ. कामांसाठी वापरण्याची मुभा दिली. याचा परिणाम असा, की ज्या बेटांवर जवळजवळ सर्व जमीन थोड्या जमीनदारांच्या हाती होती, तेथे कुळाला परवानगीवाचून व खंडावाचून मिळणारे मोठे साधन म्हणजे किनाऱ्यावरील मासा हेच राहिले. दगडी बांधात मात्र सामनही अडकत असल्याने त्यांच्यावर निर्बंध येत गेले.

आपत्तीच्या काळातील महत्त्व : अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात केल्प जाळून काच व साबण यांच्या उद्योगांस लागणारी क्षारयुक्त राख तयार करण्याचा धंदा बेटांवर वाढला. मजूर हाताशी राहावेत म्हणून जमीनदारांनी कुळांना उपजीविकेस न पुरणारे लहान तुकडे दिले. नेपोलियनकालीन युद्धे संपल्यावर (१८१५) परदेशी क्षारांची आयात सुलभ झाली, १८२० नंतर हा धंदा कोसळला व लोक त्या तुकड्यांवर अडकून पडले. बटाटा हे त्यांचे मुख्य पीक १८४६ मध्ये रोगाने नष्ट झाले आणि टंचाई पुढे अनेक वर्षे टिकली. या काळात शिंपले, समुद्रशैवले व किनाऱ्यावरील मासे यांवर अनेक कुटुंबांनी दिवस काढले. याच सुमारास मेंढपाळीसाठी जमिनी मोकळ्या करण्यात आल्या. १८५१ मध्ये बारा, साउथ यूइस्ट व बेनबेक्युला येथून दीड हजारांहून अधिक लोकांना कॅनडात पाठवण्यात आले. मागे राहिलेल्यांपैकी अनेकांना सुपीक पश्चिम भागातून खडकाळ पूर्व किनाऱ्यावर हलवले गेले. तेथे पेरण्यास माती नव्हती, पण खोल पाण्यालगतचे खडक होते. १८८३ मध्ये नेपिअर आयोगाने बेटांवर फिरून कुळांच्या साक्षी घेतल्या. जमिनीच्या तक्रारींबरोबरच किनाऱ्यावरील समुद्रशैवल घेण्यास होणाऱ्या मज्जावाच्या तक्रारीही त्यांत आल्या. १८८६ च्या अधिनियमाने कुळांना जमिनीवर स्थैर्य मिळाले.

ऱ्हास : ही पद्धती कोणत्याही एका कारणाने नष्ट झाली नाही. एकोणिसाव्या शतकात जाळी विणण्याचे यंत्र आले व सुती जाळी स्वस्त झाली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर न कुजणारा नायलॉनचा धागा आल्यावर हातविणीचे व काढ्यात बुडवण्याचे कामही उरले नाही. घासलेटच्या दिव्यामुळे यकृताच्या तेलाची गरज संपली. हेरिंगच्या व्यापारात पुरुषांना नावांवर, तर स्त्रियांना मासे साफ करण्याच्या कामावर रोख मजुरी मिळू लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून किनाऱ्याजवळ येणाऱ्या ट्रॉलर नौकांविरुद्ध बेटांवर असंतोष होता. १९३३ मध्ये बारा बेटावर कॉम्प्टन मॅकेंझी व जॉन लॉर्न कॅम्बेल यांनी स्थानिक कोळ्यांच्या रक्षणासाठी ‘सी लीग’ ही संघटना स्थापन केली. तथापि किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आत ट्रॉलरबंदीचा जुना सर्वसाधारण नियम १९८४ च्या अधिनियमाने रद्द झाला. पहिल्या महायुद्धानंतर तरुणांचे स्थलांतर वाढले. १९२३ मध्ये मेटागामा या एकाच जहाजातून लूइसमधील सु. ३०० जण कॅनडाला गेले. खडकावर दांडा धरणारे हातच अशा रीतीने कमी झाले.

भाषा व जतन : १८७२ च्या शिक्षणविषयक अधिनियमात गेलिकला स्थान नव्हते. पुढील पिढ्या इंग्रजीतून शिकल्या व किनाऱ्यावरचे तोंडी ज्ञान शाळेत पोहोचले नाही. २०११ च्या जनगणनेनुसार बाह्य हेब्रिडीझमधील सु. ५२ टक्के लोक गेलिक बोलत होते. २०२२ मध्ये हे प्रमाण सु. ४५ टक्क्यांवर, म्हणजे निम्म्याहून खाली आले. एडवर्ड ड्वेली याने १९०१–११ या काळात खंडशः प्रसिद्ध केलेल्या गेलिक कोशात मासेमारीच्या अनेक संज्ञा सापडतात. एडिंबरो विद्यापीठात १९५१ मध्ये स्थापन झालेल्या स्कॉटिश अभ्यास विभागाने बेटांवरील वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या आणि ग्लासगो विद्यापीठाच्या संग्रहात वेगवेगळ्या गावांतून जमवलेले शब्द जतन केले आहेत.

शब्द व साधन यांचा संबंध येथे परस्परपूरक आहे. ताव वापरातून गेल्यावर सोल, कारिक, मोकल हे शब्द बोलण्यात येण्याचे प्रसंग उरले नाहीत. आणि शब्द विसरल्यावर खडकावरील खळगा हा कशासाठी आहे, हे सांगणाराही उरत नाही. आज बेटांवरील लोक हौसेने किंवा घरापुरते मासे खडकांवरून प्रामुख्याने गळाने धरतात. ओहोटीला उघडे पडणारे दगडी बांध, वाटीसारखे खळगे व कोशांतील संज्ञा एकत्र वाचल्या, म्हणजे कागदपत्रांत न आलेल्या या उपजीविकेचा इतिहास पुष्कळसा उभा राहतो.